परीकथेवरची कादंबरी चाळिशीत वाचायची कशी?

पत्र

मी एकेचाळीस वर्षांची आहे. सेलूत राहते, पतसंस्थेत नोकरी करते. रात्री जेवणं-भांडी आवरली की मोबाईलवर इंग्रजी कादंबऱ्या वाचते. शापित राजपुत्र, काटेरी रान, परीलोकाचा राजा आणि त्याच्याशी करार करून बसलेली मुलगी, अशा. मला त्या फार आवडतात. पण मागच्या आठवड्यात मोठ्या जाऊबाईंनी विचारलं, "काय गं, लेकरांचं वाचायलीस?" तेव्हापासून मन खट्टू झालंय. शिवाय अडचणीही आहेत. पाच भागांची एक मालिका घेतली, पण दुसऱ्या भागात नावांच्या गोंधळात अडकले. एका पुस्तकात अचानक इतका उघडा शृंगार आला की मोबाईल उलटा ठेवला. दुसऱ्या एकात नायक नायिकेला कोंडून ठेवतो आणि तरी तिला तो आवडायला लागतो, ते पटेना. पुस्तकं महाग आहेत. आणि तेरा वर्षांची लेक म्हणते, मलाही वाचायचंय. काय करू?

– एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर

ताई, आधी जाऊबाईंच्या प्रश्नाचं बघू. बाकीच्या अडचणी निवड सुधारली की सुटतात, पण मनात लाज धरून पुस्तक नीट वाचता येत नाही.

या गोष्टी मुळात लेकरांच्या नव्हत्याच. सुंदरी आणि पशूची कथा फ्रान्समधल्या गाब्रिएल-सुझान द व्हिल्नव्ह या लेखिकेनं १७४० मध्ये छापली. ती कादंबरीएवढी लांब होती आणि मोठ्यांसाठी होती. तिच्यात व्यापाऱ्याला बारा मुलं आहेत. पशूला शाप का मिळाला याचा सविस्तर इतिहास आहे: त्याला सांभाळणाऱ्या परीलाच त्याच्याशी लग्न करायचं होतं, त्यानं नकार दिला. आणि पशू रोज रात्री सुंदरीला जे विचारतो ते लग्नाचं नाही, माझ्या शेजेवर येशील का, असं आहे. सोळा वर्षांनी, १७५६ मध्ये, मुलींना शिकवणाऱ्या ल प्रॅन्स द बोमाँ यांनी तीच कथा विद्यार्थिनींसाठी काटछाट करून लिहिली. बारा मुलांची सहा झाली, शापाचा इतिहास गेला, शेजेच्या जागी लग्न आलं. जगभर पसरली ती ही छाटलेली कथा.

जर्मनीच्या ग्रिम बंधूंच्या परीकथांच्या पुस्तकाचंही तेच झालं. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत मनोऱ्यात कोंडलेली रापुन्झेल तिला वाढवणाऱ्या परीला भाबडेपणानं विचारते, माझे कपडे हल्ली घट्ट का होतायत? वाचणाऱ्याला कळतं की ती गरोदर आहे. त्याच आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई आहे. पुस्तक घरोघरी मुलांच्या हाती जायला लागलं तसा कपड्यांचा प्रश्न गाळला गेला आणि सख्खी आई सावत्र झाली. तुम्ही वाचता त्या कादंबऱ्या ही काटछाट उलट दिशेनं करतात. जे मुलांसाठी काढून टाकलं होतं, ते मोठ्यांना परत देतात.

आपल्याकडे तर मोठ्यांनी अद्भुत ऐकणं कधी थांबलंच नाही. श्रावणातल्या आटपाट नगराच्या कहाण्या बायांनी बायांसाठी सांगितल्या. नागपंचमीची कहाणी आठवा. माहेर नसलेली धाकटी सून, मामा म्हणून तिला न्यायला आलेला नाग, वारुळाखालचं त्याचं घर, नागीण बाळंत होताना तिच्या हातातून पडलेला दिवा आणि पिलांच्या भाजलेल्या शेपट्या. आता हे बघा: दुसऱ्या शतकातल्या एका लॅटिन ग्रंथात सायकी नावाची मुलगी मनाई मोडून रात्री दिवा घेऊन नवऱ्याचं तोंड बघते, तेलाचा थेंब त्याच्या खांद्यावर पडतो आणि तो निघून जातो. नॉर्वेच्या पांढऱ्या अस्वलाच्या कथेत मेणबत्तीचे तीन थेंब पडतात. न दिसणारा, माणूस नसलेला सोबती आणि त्याला पोळणारा दिवा. तुमच्या कादंबऱ्यांतला अर्धा मसाला याच एका कल्पनेवर उभा आहे, आणि तिचं एक रूप जाऊबाई दरवर्षी श्रावणात वाचत असतील. पंचतंत्राच्या एका पाठातही ब्राह्मणाच्या घरी जन्मलेला साप आहे. त्याचं लग्न होतं, रात्री तो कातडं उतरवून तरुण होतो आणि बाप ते कातडं जाळून टाकतो.

आणि आपलं पैठण विसरू नका. कथासरित्सागरातच सांगितलं आहे की गुणाढ्य हा प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहन राजाचा प्रधान होता. त्यानं पैशाची नावाच्या जुन्या प्राकृत भाषेत सात लाख श्लोकांची बृहत्कथा रचली, राजानं ती नाकारली तेव्हा सहा लाख श्लोक त्यानं स्वतःच्या हातानं अग्नीत टाकले आणि उरलेल्या एका लाखातून पुढच्या कथा आल्या. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं त्या संस्कृतात आणल्या, तोच कथासरित्सागर. त्यात कनकपुरीची कथा आहे. राजकन्येची अट अशी की जो सोन्याची नगरी बघून आला त्याच्याशीच लग्न करीन. शक्तिदेव समुद्र ओलांडून तिथं पोचतो. तिथली विद्याधरी त्याला सगळा महाल मोकळा करते, फक्त मधल्या गच्चीवर जाऊ नकोस म्हणते. तो जातोच. वर त्याला त्याच राजकन्येचं निष्प्राण शरीर दिसतं, पुढं एका घोड्याची लाथ बसून तो तळ्यात पडतो आणि वर येतो तो आपल्याच गावात. करार, मनाई, मनाई मोडण्याची किंमत आणि मग पुन्हा शोध. आज विमानतळावर विकल्या जाणाऱ्या जाड कादंबऱ्यांचा सांगाडा हाच असतो. जाऊबाईंशी वाद घालू नका. एखाद्या दुपारी शेंगा फोडताना ही कनकपुरीची गोष्ट त्यांना पूर्ण सांगा.

आता वाचनाकडे. या कादंबरीत शेवट काय होणार हे ठाऊकच असतं. शाप सुटणार, दोघं एकत्र येणार. मजा कुठं असते? जुनी परीकथा पाच-दहा पानांची, आणि ती कारणं सांगतच नाही. बापानं एका गुलाबापायी मुलगी का देऊन टाकली? तिनं जायला होकार का दिला? शंभर वर्षं झोपलेली मुलगी उठल्यावर तिच्या ओळखीचं कोण उरलं? कादंबरीला या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं, आणि कोणती लेखिका काय उत्तर देते हे बघण्यात सुख आहे. कीर्तनाला बसलेल्या माणसाला आख्यान पाठ असतं. बुवा ते कसं लावतात हे ऐकायला तो येतो. इथंही मूळ गोष्ट ठाऊक असेल तरच लावणं कळतं. बऱ्याच वाचकांना ही पुस्तकं मधेच सपाट वाटतात, कारण लेखिकेनं मुळातलं काय उलटवलं हे त्यांना दिसत नाही.

म्हणून पहिलं काम: कादंबरीआधी मूळ कथा वाचा. वीस मिनिटं लागतात. अँड्र्यू लँगचं १८८९ चं 'ब्लू फेअरी बुक' प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट मिळतं. सुंदरी आणि पशू, निद्रिस्त राजकन्या, निळी दाढी, पांढऱ्या अस्वलाची नॉर्वेची कथा आणि गवताचं सोनं कातणारा बुटका अशा तुम्हाला लागणाऱ्या बहुतेक कथा त्या एकाच पुस्तकात आहेत. वाचताना तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवा: करार काय आहे, मनाई काय आहे, आणि कोणत्या प्रश्नाचं उत्तर कथेनं दिलं नाही. हा कागद कादंबरीजवळ ठेवा. निद्रिस्त राजकन्येसाठी फ्रेंच लेखक पेरो यांची १६९७ ची कथा शेवटापर्यंत वाचा, कारण लग्नानंतर तिचा दुसरा भाग सुरू होतो. राजपुत्राची आई राक्षसकुळातली निघते आणि सुनेला नि नातवंडांना शिजवून खायचं म्हणते. सासर या विषयावर लिहिणाऱ्या आजच्या लेखिका तो भाग सोडत नाहीत.

परीलोकाच्या कादंबऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट ठाऊक हवी, कारण ती पुस्तकात कुणी समजावून सांगत नाही. त्या पऱ्या पंखांच्या, चिमुकल्या नसतात. ब्रिटन आणि आयर्लंडच्या लोकसमजुतींतले ते माणसाएवढे, देखणे आणि धोकादायक लोक आहेत, आणि त्यांचे नियम ठरलेले आहेत. ते खोटं बोलत नाहीत, म्हणून शब्द फिरवून फसवतात. त्यांचं प्रत्येक वाक्य दोनदा वाचा. लोखंड त्यांना सोसत नाही. त्यांच्याकडचं खाल्लं-प्यायलं की माणूस तिथं अडकतो. आपलं खरं नाव त्यांना सांगायचं नाही. आभार मानणं म्हणजे ऋण मान्य करणं, म्हणून नायिका कृतज्ञ असूनही गप्प राहते. त्याला उद्धटपणा समजू नका. स्कॉटलंडच्या परंपरेत त्यांचे दोन दरबार मानतात, सीली आणि अनसीली. पहिला तुलनेनं दयाळू, दुसरा क्रूर. कादंबऱ्यांतले ऋतूंचे नि रात्रीचे दरबार यावरूनच बेतलेले आहेत. 'टॅम लिन' हा जुना स्कॉटिश पोवाडाही शोधून वाचा. परीराणीनं पळवलेल्या तरुणाला सोडवायचं तर जॅनेटला त्याला घट्ट धरून ठेवावं लागतं, आणि तो तिच्या मिठीत साप होतो, जंगली जनावर होतो, तापलेलं लोखंड होतो. ती सोडत नाही. नायिकेनं नायकाला सोडवायचं, हे या कादंबऱ्यांनी तिथून घेतलं. रशियाकडच्या कथांवरची पुस्तकं घेतलीत तर कोशेई या दुष्ट जादूगाराचा मृत्यू सुईत, सुई अंड्यात, अंडं बदकात अशी रचना भेटेल. राक्षसाचा जीव पोपटात ऐकत वाढलेल्या माणसाला ती लगेच कळते.

आता निवड. तुमची दोन पुस्तकं फसली त्याचं कारण मुखपृष्ठ बघून निवड, असा आमचा अंदाज आहे. पहिल्यांदा हे ठरवा की पुस्तक मुळात प्रेमकथा आहे की साहसकथा. कसोटी सोपी आहे: प्रेम काढून टाकलं तर गोष्ट उभी राहते का? राहत असेल तर ती साहसकथा, प्रेम तिथं सावकाश येतं, आणि शेवट गोड होईलच याची हमी नाही. कोसळत असेल तर ती प्रेमकथा, आणि तिथं गोड शेवट हा वाचकाशी केलेला करारच असतो. निजण्याआधी अर्धा तास मन हलकं करायला वाचत असाल, तर ही दुसरी जात घ्या.

शृंगाराचा अंदाज आधीच लावता येतो. इंग्रजी वाचक परीक्षणांत त्याला 'स्पाईस' म्हणतात आणि एक ते पाच मिरच्या देतात. हे मोजमाप कुणी ठरवून दिलेलं नाही. एकीच्या दोन मिरच्या दुसरीच्या चार असतात, म्हणून किमान तीन परीक्षणं बघा. 'क्लोज्ड डोअर' लिहिलं असेल तर खोलीचं दार लागतं तिथं प्रकरण संपतं. हिंसा, बळजबरी अशा गोष्टींच्या सूचना हल्ली बऱ्याच लेखिका पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर किंवा आपल्या संकेतस्थळावर देतात. 'कंटेंट वॉर्निंग' असं शोधा. मुखपृष्ठावर कधीच भरवसा ठेवू नका. सारा जे. मास यांचं 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' २०१५ मध्ये किशोरांच्या फळीवर आलं आणि २०२० मध्ये नवी मुखपृष्ठं घालून मोठ्यांचं म्हणून पुन्हा काढलं गेलं. आतला मजकूर तोच. उघडा प्रसंग नकोच असेल तर तो सरळ ओलांडा, त्यात कमीपणा नाही. तारका किंवा मोकळी ओळ येईपर्यंत पुढं जा, पण शेवटचा परिच्छेद मात्र वाचा. अशा प्रसंगाच्या अखेरीस बहुतेकदा एखादं गुपित किंवा वचन येतं आणि पुढची गोष्ट त्यावर चालते.

कोंडून ठेवणाऱ्या नायकाबद्दलचा तुमचा आक्षेप आम्हाला महत्त्वाचा वाटतो. पशूच्या कथेत कैद असणारच, ती काढता येत नाही. प्रश्न हा की लेखिकेला ती कैद दिसते का. मूळ कथेचा कणा एका जागी आहे: पशू सुंदरीला माहेरी जाऊ देतो, आणि तेही तिनं प्रेमाची कबुली देण्याच्या आधी. दार आधी उघडतं, होकार नंतर येतो. चांगली कादंबरी हा क्रम सांभाळते. म्हणून वाचताना तीन प्रश्न विचारा. नायिकेनं नाही म्हटलं तर काय होतं? नायकाला हवी अशी एखादी विद्या, कौशल्य किंवा माहिती तिच्याकडे आहे का, की ती नुसती सुंदर आहे? आणि दार कधी उघडतं? दार बंदच असताना तिचं मन जडलं आणि पुस्तकातल्या एकाही माणसाला ते खटकलं नाही, तर तो पुस्तकाचा दोष आहे, तुमच्या मनाचा कोतेपणा नाही. वयाच्या अंतराचंही असंच. नायक दीडशे-पाचशे वर्षांचा आणि नायिका सतरा-एकोणीस वर्षांची, हे या प्रकारात नेहमीचं आहे. तिला तिचा स्वतःचा अधिकार मिळतो का आणि त्याला तिच्याकडून काही शिकावं लागतं का, हे बघून ठरवा.

आणखी एक कसोटी जादूची. शाप कसा सुटतो याची अट पुस्तकाच्या पहिल्या एक तृतीयांश भागात कळायला हवी, आणि सुटकेची किंमत कुणीतरी मोजायला हवी. शेवटच्या वीस पानांत नायिकेला अचानक नवी शक्ती सापडली आणि सगळं मिटलं, तर वाचकाची फसवणूक झाली.

सुरुवात एका भागात संपणाऱ्या पुस्तकांपासून करा. रॉबिन मॅकिन्ली यांची १९७८ ची 'ब्यूटी' सुंदरी-पशूची कथा जवळजवळ जशीच्या तशी ठेवून तिच्यात घर, बहिणी, घोडा, ग्रंथालय भरते. उघडा प्रसंग नाही, भाषा स्वच्छ. नाओमी नोविक यांची २०१८ ची 'स्पिनिंग सिल्व्हर' गवताचं सोनं कातणाऱ्या बुटक्याच्या कथेवर आहे. नायिका सावकाराची मुलगी, आणि बापाला जमत नाही ती वसुली ती स्वतः करते. पतसंस्थेत काम करणाऱ्या बाईला ही पानं फार जवळची वाटतील. फक्त तिथं बोलणारी माणसं बदलत राहतात आणि प्रकरणावर नाव नसतं, तेव्हा पहिल्या काही ओळींतून कोण बोलतंय ते ओळखावं लागतं. ज्युलिएट मॅरिलियर यांची १९९९ ची 'डॉटर ऑफ द फॉरेस्ट' हंस झालेल्या भावांसाठी मुकी राहून सदरे विणणाऱ्या बहिणीची आहे. ती एका मालिकेचा पहिला भाग असली तरी तिची गोष्ट तिच्यातच संपते. सुंदर आहे, पण तिच्यात बलात्काराचा प्रसंग आहे. तो ठाऊक असूनच हातात घ्या.

मालिकेचं गणित आधी मांडून बघा. साडेतीनशे-चारशे पानांच्या इंग्रजी कादंबरीत सुमारे एक लाख वीस हजार शब्द असतात. परक्या भाषेत मिनिटाला दीडशे शब्द धरले तर आठशे मिनिटं होतात. रोज अर्धा तास वाचलं तर सत्तावीस दिवस. पाच भागांना साडेचार महिने, आणि मालिकांचे पुढचे भाग बहुधा जाडच होत जातात. इतक्या काळात नावं विसरणं साहजिक आहे. त्यावर उपाय पोस्टकार्डाएवढा कागद. माणसाचं नाव उच्चारासारखं देवनागरीत लिहा, पुढं दोन शब्द: कोणत्या दरबाराचा, कुणाचा कोण. आयर्लंडकडची नावं लिहितात एक आणि उच्चारतात भलतंच, म्हणून पुस्तकाच्या मागं-पुढं उच्चारांची यादी असेल तर ती आधी बघा. एका पुस्तकाला आठ-दहा नावं पुरतात. तीन प्रकरणांत पुन्हा न आलेलं नाव खोडा. मालिका घेण्याआधी दोन गोष्टी विचारा. ती पूर्ण झालीय का? आणि एकाच जोडीची आहे की दर भागात नवी जोडी? नव्या जोडीच्या मालिकेत प्रत्येक भागाला आपला शेवट असतो, तुमच्या वेळेला ती बरी.

अडकलेली मालिका पहिल्या पानापासून सुरू करू नका, तिथंच माणूस पुन्हा दमतो. पहिल्या भागाची शेवटची दोन प्रकरणं वाचा, दुसऱ्या भागातलं जिथं थांबलात त्याच्या आधीचं एक प्रकरण वाचा, कागद तयार करा आणि पुढं पन्नास पानं जा. तरीही ओढ लागली नाही तर सोडा.

सोडायचं कधी, यालाही खूण आहे. मोबाईलवर टक्के दिसतात, त्यांचा उपयोग करा. प्रेमकथेत दोघांची गाठ साधारण पहिल्या पंधरा टक्क्यांत पडते, पंचवीसच्या आसपास दोघांना एकत्र राहणं भाग पडतं, निम्म्यावर नातं वळतं आणि ऐंशीच्या सुमारास सगळं मोडल्यासारखं होतं. तीस टक्के झाले आणि दोघं अजून एका खोलीत आली नाहीत, तर सावकाश कथेची तयारी ठेवा किंवा थांबा. ऐंशीवर आलेला बेबनाव एका वाक्याच्या बोलण्यानं मिटला असता, असं वाटलं तर ते दुबळं लेखन आहे. चांगल्या पुस्तकात तो तुटण्याचा क्षण करारातून किंवा मनाईतून येतो, तुम्ही कागदावर लिहिलेल्या त्याच मनाईतून.

इंग्रजीचं फार मनावर घेऊ नका. शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ दिसतो, पण प्रत्येक शब्दाला थांबलात तर गोष्ट हातची जाते. एकच शब्द तिसऱ्यांदा आला तरच थांबा. कपडे, जंगल आणि किल्ल्याचे भाग यांचे शब्द पहिल्या पन्नास पानांत सारखे येतात. ते एकदा कळले की वेग वाढतो.

खर्चाचं असं. ई-पुस्तकाचा नमुना फुकट मिळतो, बहुधा पहिला दहा टक्के. तो वाचल्याशिवाय विकत घेऊ नका. रस्त्यावर शंभर-दीडशेला मिळणाऱ्या जाड प्रती बहुतेक चोरून छापलेल्या असतात. फिकट अक्षरं, पातळ कागद, तिरकं मुखपृष्ठ ही ओळख. त्यांत पानं गाळलेली किंवा उलटसुलट लागलेली निघतात, आणि लेखिकेला एक पैसा मिळत नाही. गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात लेखी मागणी द्या: पुस्तकाचं नाव, लेखिका, प्रकाशक आणि मागच्या पानावरचा तेरा आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक. तोंडी सांगितलेलं राहून जातं. ग्रंथखरेदी वर्षातून कधी होते ते ग्रंथपालांना विचारून त्याच्या महिनाभर आधी द्या, आणि तीन-चार सभासदांच्या सह्या मिळाल्या तर उत्तम. मालिकेचा एकच भाग मागू नका, एका भागात संपणारी पुस्तकं मागा, ती फिरतात. संभाजीनगरला जाणं होत असेल तर शासकीय विभागीय ग्रंथालयात कथासरित्सागराचे मराठी खंड आहेत का, तेही बघून या.

राहिली लेक. तेरा वर्षांच्या मुलीला नाही म्हणू नका. म्हणालात तर ती हेच मैत्रिणीच्या मोबाईलवर वाचेल, तेही चोरून आणि चुकीच्या भागापासून. आधी तिला 'ब्लू फेअरी बुक' द्या, मग 'ब्यूटी'. 'यंग अडल्ट', म्हणजे किशोरांसाठी, असा शिक्का असलेलं पुस्तक द्यायचं तर आधी तुम्ही चाळा, कारण तो शिक्का बारा ते अठरापर्यंत सगळ्यांना लागतो आणि बारा नि अठरात फार अंतर आहे. चाळायला पूर्ण पुस्तक वाचावं लागत नाही: कंटेंट वॉर्निंग, तीन परीक्षणं आणि पन्नास ते सत्तर टक्क्यांमधली प्रकरणं पुरतात, उघडे प्रसंग बहुधा तिथंच असतात. तुमच्या मोबाईलवरची मोठ्यांची पुस्तकं वेगळ्या खात्यात ठेवा आणि तिला तसं उघड सांगा की ही अजून चार-पाच वर्षांनी. ती वाचत असेल तेव्हा दार कधी उघडलं, हा प्रश्न तिलाही विचारा. हव्या त्या पानावर बोट ठेवून ती उत्तर देऊ शकली, तर पुढचं पुस्तक तिला निवडू द्या.